अव्वाच्या स्वर्गविषयक शंका

लोहारा, १८ नोव्हेंबर

चि. तारामतीस,

सर्वप्रथम तक्रार. पाकिटाला तू चारही बाजूंनी जी चिकटपट्टी मारली आहेस, तिच्याबद्दल मी गंभीर निषेध नोंदवतो. दवाखान्यात मोडलेली हाडंसुद्धा तुम्ही याहून सैल बांधत असाल. तुझ्या वहिनीनं विळी आणली, मी पट्टीची कड शोधण्यात चष्म्याच्या दोन्ही काचांचा उपयोग केला, आणि शेवटी समोरच्या धुळाप्पानं मेंढरं कातरायची कातर आणून शल्यकर्म पार पाडलं. त्यात पत्राचा खालचा कोपरा निवर्तला. ‘तुमची सगळ्यांची’ इथपर्यंत अक्षरं शाबूत आहेत. पुढं आठवण येते, काळजी वाटते की कीव येते, हे कळायला मार्ग उरलेला नाही. मी अव्वाला ‘आठवण येते’ असं वाचून दाखवलं. चूक असल्यास कळवावं.

दिवाळीत मी चार ओळी टाकल्या, त्या अव्वाच्या हुकमावरून, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दर रविवारी तू वहिनीच्या मोबाइलवर अव्वाशी बोलायचीस आणि त्याच वेळी मला शेतात नेमकं काम निघायचं. ती सोय आता संपली. तापानंतर अव्वाचे कान गेले ते गेलेच. कानयंत्र आणलं होतं. ती म्हणते, त्यात नुसती पिठाची गिरणी चालते, माणूस बोलत नाही. ते यंत्र सध्या तिच्या कुंकवाच्या डबीशेजारी निवृत्त आयुष्य कंठत आहे. म्हणून पत्र.

पत्र येतं तेव्हा काय होतं ते सांगतो, म्हणजे लिहिताना तुला भान राहील. अव्वाला ओट्यावर बसवायचं, डाव्या कानाशी तोंड न्यायचं, आणि तीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवून जो काही घसा उरला आहे, तो पणाला लावायचा. अर्थातच पत्र अव्वाच्या आधी गल्ली ऐकते. शेजारची कोंडाबाई सूप घेऊन येते. त्या सुपात काही असतंच असं नाही.

आता मुख्य विषय. गेल्या महिन्यात रामलिंगस्वामी घरी आले होते. अव्वा एक्याऐंशीची झाली, डॉक्टरांनी हृदय थकलंय असं सांगितलं, तेव्हा स्वामींनी तिला धीर द्यावा म्हणून मीच बोलावलं होतं. स्वामी म्हणाले, आई, भ्यायचं नाही. कापूर जळतो तसा जीव शिवात मिसळतो. मागं काही उरत नाही. मी मान डोलावली. शास्त्र बरोबर होतं, उपमा शुद्ध होती. अव्वानं तीनदा विचारून खात्री केली.

“कायबी उरत न्हाय?”

“काही नाही, आई.”

“मग तारा मला हुडकायची कशी?”

स्वामींनी माझ्याकडं पाहिलं. मी छताच्या पत्र्याकडं पाहिलं.

तेव्हापासून तिचा एकच घोशा. “तिच्यात काय सांगत्यात ते इचार. मेल्यावर माणूस माणसाला वळखतंय का तिथं?” तिच्यात म्हणजे तुझ्या ख्रिस्ती धर्मात. तुझ्या पत्रात तू तब्येत, औषधं, पथ्य सगळं विचारलंस, पण याचं उत्तर नाही, कारण हा प्रश्न मी दिवाळीच्या चार ओळींत घातलाच नव्हता. तो आता घालतो आहे. सविस्तर लिही. ती सविस्तरच मागते.

तिचं दुसरं म्हणणं असं की तू एकदा येऊन जावंस. तिला तुला बघायचं आहे. हे तिचं म्हणणं आहे. मी इथं केवळ लेखनिक.

उमाशंकर


लोहारा, ४ डिसेंबर

चि. तारामतीस,

आठ पानं! पाठपोट! मला वाटलं होतं तू एखादं पोस्टकार्ड टाकशील: स्वर्ग उत्तम आहे, हवा थंड आहे, सर्व कुशल. दोन दिवस वाचन चाललं. सुंठ चघळून पुढचा अध्याय.

तू म्हणतेस ते मला नवं होतं, हे कबूल करतो. माझी आजवरची समजूत अशी की तुम्ही लोक मेल्यावर ढगांवर जाता आणि तिथं पांढरे झगे घालून गात बसता. तू लिहितेस की ते मधलं मुक्कामाचं ठिकाण म्हण हवं तर, शेवट तिथं नाही. शेवटी देव हीच पृथ्वी आणि हेच आकाश नवं करणार, माणसांना देहासकट उठवणार, आणि आपलं नगर घेऊन स्वतःच खाली उतरून माणसांत राहायला येणार. म्हणजे माणसानं वर जायचं नाही, त्यानं खाली यायचं. आमच्याकडचा स्वर्ग हा लॉजसारखा. पुण्य आहे तोवर खोली, संपलं की चावी ठेवा आणि उतरा खाली. तुमच्याकडं घरमालकच बिऱ्हाड घेऊन भाडेकरूंत राहायला येतो. वीस वर्षं मी तुझ्या धर्माशी मनातल्या मनात वाद घालतोय आणि पूर्वपक्षच चुकीचा मांडत होतो. शिक्षकाला हे शोभत नाही.

तरीही एक आक्षेप. ‘नवं करणार’ म्हणजे नेमकं काय करणार? आपला जिल्हाही नवा झाला आहे. पाटी बदलली, नाव बदललं, धूळ तीच. मी हे लिहिणारच होतो, तेवढ्यात तुझ्या पाचव्या पानावर उत्तर सापडलं: मोडलेलं हाड सांधून येतं तेव्हा हाड तेच असतं, पायही तोच असतो, फक्त माणूस चालू लागतो. हे तुला कुणी पाद्र्यानं शिकवलं की तुझं आहे? तुझं असेल तर छान आहे. पाद्र्याचं असेल तरीही छान आहे, पण थोडं कमी.

अव्वाला तिचं उत्तर मिळालं. तुमचा प्रभू उठला तेव्हा त्याच्या हातावर खिळ्यांचे वण होते, त्यानं आपल्या माणसांबरोबर भाजलेला मासा खाल्ला, त्यांनी त्याला ओळखलं, आणि तसंच सगळ्यांचं होणार, हा भाग मी दोनदा ओरडलो. मासा वगळून. अव्वा म्हणाली, “वळखतंय म्हणजे.” आणि भाकरी मागितली. चार दिवसांत पहिल्यांदाच.

पण एक शंका फिटली की दहा उगवतात, हा सर्व दर्शनांचा अनुभव आहे. त्या खाली देतो. क्रम माझा, शंका तिच्या, मधेमधे गल्लीच्या.

नगरात जीवनाच्या पाण्याची नदी वाहते म्हणालीस. अव्वा विचारते, “बारमाही हाय का?” आमच्याकडं सध्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळं गल्ली हे ऐकायला अगदी पुढं सरकली होती.

रस्ता सोन्याचा. यावर धुळाप्पा, “जनावर घसरंल की त्याच्यावरनं.” मी म्हटलं, अरे, लांडगा आणि कोकरू शेजारी चरतात म्हणे तिथं. तो म्हणाला, “कोकरू चरंल, मालक. लांडग्याचं मला सांगू नगा.” त्याची या वर्षी तीन गेली आहेत. त्याला हे पटवायला तुला स्वतःच यावं लागेल.

रात्र नाही. “मग निजायचं कवा?” ही कोंडाबाई.

दारं कधीच बंद होत नाहीत. “कुत्री शिरतेत की!” हीही कोंडाबाई.

देव स्वतः माणसाच्या डोळ्यांतलं पाणी पुसतो, हे वाचल्यावर मात्र कुणी थट्टा केली नाही. अव्वा एवढंच म्हणाली, “सोता? कुणाला पाठवत न्हाय?” मी म्हटलं, स्वतः. ती म्हणाली, “चांगलंय की.”

एक अपराध कबूल करायचा आहे. उठल्यानंतर तिथं लग्न नाही, नवरा-बायको असं नातं राहत नाही, हे तुझं वाक्य मी गाळलं. म्हटलं, अप्पांबरोबर पंचावन्न वर्षं काढलेल्या बाईला या वयात हे कशाला ऐकवा. पण तुझ्या वहिनीनं दुपारी पत्र उचललं, तिला ते सापडलं, आणि तिनं ते अव्वाच्या कानात घातलं. मला वाटलं, आता रडारड. अव्वा पदर तोंडाला लावून हसत सुटली. “बरं झालं बया! एका जल्माला एक बास!” वहिनीही हसली. गरजेपेक्षा थोडी जास्तच.

येण्याबद्दल तू आठ पानांत एक अक्षर लिहिलेलं नाहीस. माझ्या नजरेतून सुटलं असेल म्हणून पुन्हा पाहिलं.

उमाशंकर


लोहारा, १९ डिसेंबर

चि. तारामतीस,

तुझी उत्तरं मिळाली. नदी बारमाही असल्याचं गल्लीत जाहीर झालं आहे. रात्र नसली तरी विसावा आहे, हेही कोंडाबाईला कळवलं. ती म्हणाली, “उजेडात डोळा लागत न्हाय मला.” तिचं तिथं कसं व्हायचं कोण जाणे.

आता एक अशी शंका येते आहे, जी तुमच्या दोन हजार वर्षांत कुण्या पंडितानं विचारली नसेल. अव्वा परवा म्हणाली, “त्यांच्यात निजवून पुरत्यात. आपल्यात बसवून. उठवायची येळ आली म्हंजी बसलेल्याला आधी उठवत्यात का?”

मी म्हटलं, का गं?

“निजलेल्याला उठाया येळ लागतंय. बसलेला हात टेकला की उभा.”

तिचं म्हणणं तर्काला धरून आहे. आपले अप्पा शेताच्या कोपऱ्यात लिंबाखाली बसलेले आहेत, तळहातावर इष्टलिंग घेऊन, तोंड उत्तरेला. त्यांना गुडघ्याचा त्रास होता, तरी ते निजलेल्यांच्या पुढं निघतील, अशी तिची खात्री आहे. मी हे हसण्यावारी नेलं. पण तू मागच्या पत्रात बियाण्याचं लिहिलं होतंस ना, की देह पेरला जातो, कुजण्याजोगा पेरतात आणि न कुजणारा उगवतो, उगवतं ते दाण्यासारखं दिसत नाही पण त्याच दाण्याचं असतं, ते मी वाचून दाखवलं, तेव्हा तिनं माझा हात धरला.

“म्हंजी तुज्या अप्पाला आपुन पेरलंय.”

तारे, मी संस्कृतचा मास्तर. आत्मा, देह, वस्त्र, घट, आकाश, सगळं मला येतं. त्यातलं एकही वाक्य मी आजवर तिला असं हात धरायला लावेल असं सांगू शकलो नाही. आता ती कुणी आलं की सांगते, आमच्या ह्यांना पेरलंय म्हणून. रामलिंगस्वामींनाही सांगितलं. स्वामी भले माणूस. म्हणाले, आई, पेरलंय तर पेरलंय.

तिला शेतात जायचं होतं. धुळाप्पाच्या पोरीच्या स्कूटीवर बसवून नेलं. ज्वारी पोटऱ्यात आली आहे. लिंबाखाली ती तासभर बसली, आणि मी बांधावर उभा होतो.

बांधावर उभा होतो, म्हणून लिहायला हवं.

चौदा वर्षांपूर्वी तू रात्रभर एसटीनं प्रवास करून अप्पांच्या मातीला पोचलीस. मूठभर माती घेऊन तू खड्ड्याकडं येत होतीस. मी आडवा आलो. सगळ्या भावकीसमोर म्हणालो, ही माती आता तुझी नाही. तू मूठ उघडलीस, माती बांधावरच सोडलीस आणि परत फिरलीस. पुढं मी लोकांना सांगत आलो की समाजाचा विचार करावा लागतो, स्वामी होते, विधी होता. स्वामींनी काहीही म्हटलेलं नव्हतं. विधीत तसं काही नाही. मला अप्पा गेल्याचा राग आला होता आणि तू हाताशी सापडलीस, इतकंच त्याचं शास्त्र.

आणि आता तू मला लिहितेस की देव हीच माती टाकून न देता नवी करणार आहे. तू हे मला मुद्दाम लिहिलंस की सहज, ते मी विचारत नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे, कारण ती ताजी आहे.

आठ पानांचं ते पत्र संपलं त्या संध्याकाळी अव्वानं विचारलं, “यीन म्हणतीय का?” माझा घसा बसला होता. तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. मी कागद वर धरला आणि म्हणालो, “नाताळ झाला की येते, म्हणते.” मोठ्यानं. डाव्या कानात. म्हणजे सगळ्या गल्लीत.

तर सद्यःस्थिती अशी: अव्वानं शेंगा भाजायला लावून चटणी कुटून घेतली आहे, आणि तिखट कमी, कारण तुला लहानपणी सोसत नसे. तू पन्नाशीला आली आहेस हे तिच्या गावी नाही. कोंडाबाईनं आपल्याही ओट्याला चुना लावला. धुळाप्पानं तर कोकरू कबूल केलं. वहिनी म्हणाली, अरे, आमच्या घरात कुणी खातं का? तो म्हणाला, “तुमी खाऊ नगा. ताराक्का खात आसंल की आता!”

मी खोटं बोललो. अव्वाला हे सांगायचं धाडस नाही, म्हणून तुला सांगतो. आता तूच ठरव. नाही आलीस तरी तुला बोल लावायची सोय मी माझ्या हातानं घालवून बसलोय.

एक शंका माझीही आहे. गल्लीची नव्हे. तुमच्या शास्त्राप्रमाणे माझं काय होतं? स्पष्ट लिहावं. मी मास्तर आहे, निकाल वाचायची सवय आहे.

उमाशंकर


लोहारा, २ जानेवारी

चि. तारामतीस,

तुझं पत्र नाही. नाताळ होऊन आठवडा झाला. पोस्टमन गल्लीत वळला की अव्वा त्याच्याकडं न बघता माझ्याकडं बघते.

जेवण कमी झालंय. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. मग औषध का वाढवलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, घाबरण्यासारखं होऊ नये म्हणून. असा तर्क मी पोरांना शिकवत नाही, पण डॉक्टरांना चालतो.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिनं ते आठ पानी पत्र काढलं. उशीखालीच असतं ते. म्हणाली, “ती येतीय म्हणून लिव्हलंय ते कुठलं? बोट ठिव.”

तिला अक्षर येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी पानं चाळली. काहीतरी दाखवणं भाग होतं. सातव्या पानावर मधोमध एक ओळ आहे, जरा ठळक लिहिलेली: तिथली दारं कधी बंद होत नाहीत. तीवर बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं, आपलं ठेवलं. आता रोज सकाळी चहाच्या आधी ती पान उघडते, ओळ बरोबर हुडकते, वरून अकरावी, आणि तिच्यावरून बोट फिरवते. शाई पुसट व्हायला लागली आहे.

वहिनी म्हणते, “तुम्हीच फोन लावा की सरळ नवापूरला. नंबर हाय माझ्याकडं.” मी म्हणालो, पत्रानं सुरू झालंय, पत्रानंच होऊ दे. ती म्हणाली, “चौदा वर्सं झाली, आणखी किती व्हायचंय?” आणि भांडी घासायला गेली. तिनं ती जरा जोरातच घासली.

नंबर माझ्याकडंही आहे, तारे. पहिल्यापासून आहे.

उमाशंकर


लोहारा, ९ जानेवारी

तारामती,

तुझं पत्र काल आलं. नाताळात वॉर्डात ड्यूटी लागली आणि मग बसून नीट लिहायचं होतं म्हणून उशीर झाला, हे वाचून जीव भांड्यात पडला. मी तोवर अनेक कारणं योजली होती आणि त्यांतलं एकही ड्यूटी नव्हतं.

माझ्या शंकेचं तू दिलेलं उत्तर मी चार वेळा वाचलं. मला वाटलं होतं, एक तर तू मला दरवाजातून हाकलशील, नाहीतर माझं मन राखायला सगळे रस्ते तिथंच जातात असलं काहीतरी गुळमुळीत लिहिशील. तू लिहिलंस, “माझी श्रद्धा काय आहे ते तुला माहीत आहे, अण्णा, ती मी तुझ्यासाठी पातळ करणार नाही. पण तुझा निकाल माझ्या हातात नाही, ज्याच्या हातात आहे तो माझ्यापेक्षा दयाळू आहे, आणि मी त्याच्याकडं रोज तुझं नाव घेते.” रोज, असं लिहिलं आहेस. मी हिशेब केला नाही, पण चौदा वर्षांचे दिवस पुष्कळ होतात. मी त्या वेळात शेतात काम काढत होतो.

आणि शेवटी तू विचारलंस, “मला अव्वा बोलावते, हे कळलं. तू बोलावतोस का?”

याचं उत्तर देण्याआधी काल काय झालं ते सांगायला हवं.

तुझं पत्र वाचून मी अव्वाशेजारी जाऊन बसलो. खोटं सांगून टाकायचं ठरवलं होतं. वहिनीला कोंडाबाईकडं पाठवलं, दार लोटून घेतलं, आणि तिच्या कानाशी वाकलो. पण ओरडून कबुली देता येत नाही, तारे. प्रयत्न करून बघ कधी. माफी मागायला जो आवाज लागतो, तो तिच्या कानापर्यंत पोचत नाही, आणि जो पोचतो त्यात माफी राहत नाही.

तीच म्हणाली, “तिनं लिव्हलंच नव्हतं न्हवं?”

मी वाकलेला सरळ झालो.

“कान गेल्यात माझं. डोळं हायेत की. समदं पत्र वाचायलास तवा कागदावर नदर हुती तुजी. त्या एका बोलाला नव्हती. माज्याकडं बघून बोललास ते.”

मी म्हटलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? पानावर बोट कशाला फिरवत बसलीस? ओरडावं लागलंच. गल्लीनं काय ऐकायचं ते ऐकलं असेल.

ती म्हणाली, “ती वळ कुठली का आसंना. तिच्या हातची हाय. आन् तू खोटं कुठं बोललास? तिचं न्हवतं ते, तुजं हुतं. तुज्या तोंडातनं निगाया चौदा वर्सं लागली. म्हटलं, आता ह्याला आडवू न्हाय.”

मग तिनं विचारलं, मी बोट ठेवलेली ती ओळ खरंच काय आहे. मी सांगितलं. ती म्हणाली, “मग बराबर वळ दावलीस की.”

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी बोलावतो. अव्वाचा लेखनिक म्हणून नाही. ये. जावईबापूंना घेऊन ये, रजा असेल तेवढे दिवस राहा. सोलापूरपर्यंत रेल्वेनं आलीस तर मी स्टेशनवर न्यायला येईन. शेतात जाऊ. या वेळी मी बांधावर आडवा उभा राहणार नाही, आणि अप्पांजवळ तुला जी प्रार्थना करायची ती कर, मोठ्यानं केलीस तरी चालेल. भावकीतल्या कुणाला काही म्हणायचं असेल तर ते मला म्हणतील. धुळाप्पाला कोकराबद्दल मी समजावतो.

हे इथं संपवता आलं असतं. पण तू मला गुळमुळीत उत्तर दिलं नाहीस, तेव्हा मीही देऊ नये.

तुझ्या नव्या पृथ्वीवर विश्वास ठेवता येतो की नाही, याची मला फार काळजी नाही. त्यावर आपण उरलेलं आयुष्य वाद घालू शकतो, आणि मला तो आवडेल. माझा निकाल काय लागेल याचीही नाही. काळजी वेगळीच आहे, ती लिहायला मला पाच पत्रं लागली. ही सगळी पत्रं अव्वाच्या कानांपायी सुरू झाली. तिला ऐकू येत असतं तर तू रविवारी तिला फोन केला असतास आणि मी शेतात गेलो असतो. तू येशील, तिला भेटशील, पोटभर बोलशील. मग एक दिवस ती जाईल. डॉक्टर काही म्हणोत, फार दिवस नाहीत, हे तू नर्स आहेस, तुला माझ्याआधी कळलं असेल. तिच्यानंतर तुला या घरात यायला, मला पत्र लिहायला काही कारण उरणार नाही, आणि मी असा माणूस आहे की कारण नसलं की फोन उचलत नाही, पत्र लिहीत नाही, नुसता शेतात जातो. मला भीती वाटते की अव्वा गेली की मी तुला पुन्हा हरवीन, आणि या खेपेला तुझा काही दोष नसेल, आडवं कुणी आलेलंही नसेल.

तुझा अण्णा